सरळ मागे घ्या!

आपल्याला गाडी चालवता येते असे ज्याला वाटते, त्याने एकदा आईला घेऊन कोकणात जावे. माझी घमेंड गेल्या भाऊबीजेला उतरली, तीही भर रस्त्यात!

कोल्हापूरहून आंबा घाट उतरलो. गाडीत मी, सौ. आणि मांडीवर ओवाळणीचे तबक घेऊन बसलेली आई. मामांचे वय ब्याऐंशी, पावसाळ्यापासून अंथरुणावर. पण हट्ट असा की, बहिणीने ओवाळल्याखेरीज जेवायचे नाही. आणि जेवल्याखेरीज औषधाची गोळी घेता येत नाही! दुपारचा एक वाजून गेला होता.

साखरपा ओलांडून आडवाटेला लागलो, तो रात्रीच्या पावसाने सगळा लाल चिखल झालेला. मी ऐटीत दुसरा दांडा ओढला. चारी चाकांना जोर मिळाला आणि गाडीने दोन किलोमीटर चिखल म्हशीसारखा तुडवला. पुढे कोरडे डांबर लागले. दांडा पूर्ववत टाकायला गेलो, तर तो हलेना! दिवा जळतच राहिला. वळणावर स्टिअरिंग जड झाले, टायर कुरकुरू लागले. मी दोन्ही हातांनी दांडा ओढू लागलो.

“अहो, ओढू नका. हातात येईल!” सौ. म्हणाली.

आई काही बोलली नाही. तिने फक्त तबकावरचा रुमाल नीट केला. ते मला अधिक लागले.

वाडीच्या तोंडाशी पंक्चरची टपरी होती. सणाचा नवा सदरा घातलेला म्हातारा मिस्त्री बाहेर आला. त्याने दांड्याला हातही लावला नाही. चारी टायर तेवढे पाहिले.

“पुढचे नवे घातलेत आणि मागचे जुनेच ठेवलेत?”

मी ओशाळून मान हलवली. काटकसर केली होती!

“साहेब, गाडी बिघडलेली नाही, ताणलेली आहे. सरळ मागे घ्या. दहा-पंधरा फूट, हळू. दांड्यावर हात नुसता ठेवा.”

घेतली. ‘टक्’ असा आवाज झाला, दांडा लोण्यातून सुरी जावी तसा सुटला आणि दिवा विझला.

मग त्याने मर्म सांगितले. या जातीच्या गाडीत चारचाकी जोर लावला की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना जखडले जातात. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाके घसरून तो फरक फेडतात. कोरड्या डांबरावर फेडणार कुठे? ताण दात्यांवर बसतो आणि दाते एकमेकांना सोडत नाहीत. झिजलेल्या टायरचा घेर दोन सेंटिमीटरने जरी कमी असला, तरी किलोमीटरभरात आठ-नऊ मीटरचा फरक साचतो, मग रस्ता सरळ का असेना!

तेव्हा वाचकहो, डांबर लागण्यापूर्वीच, जमीन भुसभुशीत असतानाच हा जोर काढावा. अडलाच, तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढून सरळ चालवावे, नाहीतर सरळ मागे यावे. दांड्याशी झोंबू नये. बटणाच्या गाडीलाही पहिला उपाय हाच. तरीही दिवा रेंगाळला, तर हवेच्या नळ्या आणि तारा तपासून घ्याव्यात. चारी टायर एका मापाचे आणि सारख्या हवेचे असावेत.

मिस्त्रीने पैसे घेतले नाहीत. आईने त्याच्या हातावर करंजी ठेवली.

पावणेदोनला मामांना ओवाळले. त्यांनी भात जेवला, गोळी घेतली आणि उशाखालचे पाकीट आईच्या तबकात टाकले. परतताना आईने ते माझ्या खिशात कोंबले.

“मागची दोन चाकं घे. पुढच्या वर्षीही यायचंय मला.”

त्यात एक टायरही आला नसता. पण आठवड्याच्या आत मागचे दोन्ही घेतले.