तरुण टिकावा कसा?

पुण्याजवळील हिंजवडीच्या कचेऱ्या पाहून डोळे दिपतात. काचेच्या भिंती, खेळांची दालने, फुकटची कॉफी. काय नाही तेथे? तरीही अनेक तरुण फार काळ टिकत नाहीत, आणि चालक त्यांच्या निष्ठेच्या नावाने बोटे मोडतात. आमच्या मते दोष निष्ठेचा नव्हे, रचनेचा आहे. दालने सजली, परंतु वाकडच्या पुलाजवळ वाहनांच्या रांगेत जाणारे तरुणांचे तास कोणी मोजले? 2017 च्या राज्य कायद्याने 50 वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर आवश्यक ठरविले. ते केवळ कागदावर राहिले, तर तरुण मातेला खेळाच्या दालनाचे कौतुक ते काय? त्यातच सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 20 वा अधिक कामगारांच्या आस्थापनांतील दैनिक कामाची मर्यादा 9 वरून 10 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. परंतु मर्यादा म्हणजे सक्ती नव्हे. ती गाठलीच पाहिजे असे चालकांवर बंधन नाही. ठरल्या वेळी सुटका, येण्याजाण्यास बस, लेकरासाठी पाळणाघर आणि काम शिकविणारा वडीलधारा सहकारी, एवढे द्या. मग तरुणांना थांबविण्यास करारपत्रांच्या बेड्या लागणार नाहीत.