व्रत शक्तीप्रमाणे, पण ताप लपवू नका



१६ मे २०२१ हा दिवस आम्ही कळमनुरीकर विसरणार नाही. आपले राजीव सातव पुण्याच्या रुग्णालयात गेले. वय अवघे ४६. करोनाशी झुंजत असतानाच त्यांना सायटोमेगालो नावाच्या विषाणूने गाठल्याचे तेव्हा सांगण्यात आले. जो तो विचारत होता, हा नवीन कोणता आजार? खरे तर तो नवीन नव्हता. हा विषाणू कितीतरी माणसांच्या शरीरात वर्षानुवर्षे निजून असतो. प्रतिकारशक्ती खचली की उठतो.

ही गोष्ट तेव्हा मी फक्त ऐकली. कळली ती सासूबाईंच्या आजारपणात.

त्यांची केमो सुरू होती. तिसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी, दिवेलागणीनंतर, त्यांना थंडी वाजून आली. रात्री चारही आहारांचा त्याग, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नियम. ताप आहे म्हटले की गोळी आली, गोळीबरोबर पाणी आले. म्हणून त्या गोधडी ओढून गप्प निजल्या. पहाटे मी उठवायला गेले तर अंग भाजत होते आणि त्या मला ओळखत नव्हत्या. तिथून नांदेडपर्यंतचा रस्ता मला जन्मभर आठवेल.

रुग्णालयात आधी रक्त कल्चरला घेतले आणि लगेच अँटिबायोटिक सुरू केले. तिसऱ्या दिवशी अहवाल आला. रक्तात जिवाणू सापडला होता, नाव ऐरोमोनास. डॉक्टर म्हणाले, हा गोड्या पाण्यात राहणारा जिवाणू. धडधाकट माणसाला फार तर जुलाब होतात, रक्तात तो क्वचितच शिरतो. पण केमोने पांढऱ्या पेशी घटतात, तोंडाचे आणि आतड्याचे आतले अस्तर सोलवटते. राखणदार झोपलेला आणि दार उघडे, अशी गत. तो नेमका कुठून आला, हे शेवटपर्यंत कळले नाही.

मी मात्र आमच्या पाण्याच्या हंड्याकडे बघत बसले. आपण दुहेरी छन्न्याने पाणी गाळतो, जिवाणी विहिरीत परत सोडतो. हा आपला दयेचा संस्कार आहे आणि तो मी सोडणार नाही. पण कापडातून जिवाणू आरपार जातात. ते मरतात पाणी खळखळ उकळल्यावर. त्यागी मंडळींना आपण उकळलेले पाणी देतो, मग घरातल्या आजारी माणसाला नुसते गाळलेले का? आता आमच्याकडे गाळून, उकळून, झाकून ठेवलेले पाणीच आजारी माणसाला मिळते.

शुद्धीवर आल्यावर सासूबाईंनी विचारले, "या सलाइनने किती जीव मेले गं?" मला हसू आले नाही. प्रश्न खरा होता. मी म्हटले, "आई, गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितलाय. तुम्ही कोणाला मारायला निघाला नव्हता, जीव वाचवत होता." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नियम मोडला नाही, पण तुम्हा सगळ्यांना रडवलं. तेही पापच की."

माझे मत मी स्पष्टच सांगते. आजारी माणसाने रात्रीच्या पाण्याचा नियम घ्यावा, पण औषधाची सूट ठेवून घ्यावा. सोळाकारण भावनांमध्ये त्याग आणि तप दोन्हींच्या आधी 'शक्तितः' शब्द आहे. शक्ती नसताना केलेल्या तपात धर्म किती आणि हट्ट किती, हे आपणच तपासायला हवे. आणि यात चूक एकट्या सासूबाईंची नव्हती. "आजारपणातसुद्धा नियम सोडला नाही हो," असे कौतुक आपणच चारचौघींत करतो. त्या कौतुकापायीच बायका ताप लपवतात.

हे फक्त केमोवाल्यांपुरते नाही. मधुमेह, डायलिसिस, किडनी बदललेली, बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या, या सगळ्यांची राखण कमजोर असते. मेलिऑइडोसिस नावाचा एक आजार आहे, त्याचा जिवाणू ओल्या मातीत राहतो आणि मधुमेह्यांना जास्त धरतो. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी तो १९११ मध्ये रंगूनला शोधला. पावसाळ्यात अनवाणी शेतात जाणाऱ्या आपल्या मधुमेही काका-मामांना निदान पायात बूट घालायला सांगा. पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच देऊ नका.

घरात असा रुग्ण असेल तर थर्मामीटर उशाशी ठेवा. ताप १००.४ किंवा त्यावर गेला, तर केमोच्या रुग्णाला घरच्या घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. तापाचा आकडा उतरतो, पण रक्तातला जिवाणू तिथेच असतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना फोन करा, फाइल घ्या आणि निघा. पोचल्यावर पहिले वाक्य हेच सांगा, "केमो सुरू आहे, ताप आलाय." अशा वेळी पहिल्या तासाभरात अँटिबायोटिक मिळणे फार मोलाचे असते.

सासूबाई पंधरा दिवसांनी घरी आल्या. आता सूर्यास्तानंतर णमोकार म्हणून झाला की स्वतःच थर्मामीटर लावतात आणि मला हाक मारून आकडा सांगतात.