इरिडियमची हौस आणि पंचवीस थाऊ

साठच्या दशकातल्या एमजीबीत इरिडियमचे प्लग टाकून "काय पिकअप वाढलाय राव!" म्हणणाऱ्या मंडळींचं मला भारी कौतुक वाटतं. अहो, झिजलेले प्लग काढून कुठलेही चार नवे प्लग नीट गॅप करून बसवले असते तरी पिकअप वाढलाच असता! श्रेय मात्र इरिडियमला. आणि मूळ आजार काय होता ते बघायचं राहूनच गेलं.

सर्व्हर हळू चालतोय म्हणून लॉग न उघडता रॅम वाढवणारे महाभाग तुम्हीही पाहिले असतील. त्याच पंथातले हे लोक.

एमजीबी म्हणजे १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला बनलेली गाडी. पाच लाखांहून जास्त बनल्या. १७९८ सीसीचं इंजिन, बहुतेकींना दोन एसयू कार्ब्युरेटर, पॉइंट्स आणि साधी कॉइल. कंपनीने सांगितलेला प्लग चॅम्पियनचा एन९वाय, एनजीकेमध्ये त्याच्या जोडीचा बीपी६ईएस. तांब्याचा गाभा, निकेलचं टोक, किंमत किरकोळ. बस्स. पण इतकं सोपं उत्तर कुणाला आवडत नाही ना!

मग "स्पोर्ट्स कार आहे, जरा थंड प्लग टाक" असा सल्ला येतो. प्लगचा थंड-गरमपणा म्हणजे ठिणगीची ताकद नव्हे. प्लगचं टोक आपली उष्णता हेडला किती लवकर देऊन टाकतं, एवढाच त्याचा अर्थ. टोक साधारण साडेचारशे-पाचशे अंशांच्या वर गेलं की काजळी आपोआप जळते, आणि आठशेच्या पुढे गेलं की ठिणगीआधीच पेट्रोल पेटायला लागतं. मूळ अवस्थेतल्या इंजिनात, शहरातल्या ट्रॅफिकमध्ये थंड प्लग टाकलात तर तो खालची मर्यादाच गाठत नाही. काजळी धरतो, मिसफायर होतो, आणि मालक पुन्हा दुकानात! त्यात गंमत अशी, की एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो आणि चॅम्पियनमध्ये गरम. म्हणजे "मोठा नंबर तो भारी" म्हणणारा माणूस ब्रँड बदलून उलट्या दिशेला जाऊ शकतो, थेट पिस्टन वितळवण्याच्या दिशेला.

आता गॅप. पॉइंट्सवाल्या एमजीबीला पंचवीस थाऊ, म्हणजे इंचाचे पंचवीस हजारांश, साधारण ०.६४ मिमी. १९७५ नंतरच्या अमेरिकन गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, म्हणून त्यांना पस्तीस. हा पस्तीसचा आकडा कुठेतरी वाचून १९६७ च्या गाडीला लावणारे कमी नाहीत. "मोठा गॅप, मोठी ठिणगी" म्हणे. अंतर वाढलं की व्होल्टेज जास्त लागतं, आणि सिलिंडरमधला दाब वाढला की आणखी जास्त. म्हणून प्लग बाहेर काढून हवेत फडाफडा ठिणगी दाखवणारी गाडी चढावर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की आचके देते. साध्या कॉइलचा दम तिथे संपतो. वीज मग जुनी वायर नाहीतर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधली चीर शोधते.

इरिडियमच्या बाजूने खरं तेही सांगतो. त्याचं टोक बारीक असतं, त्यामुळे व्होल्टेज थोडं कमी लागतं. आयुष्य तर कितीतरी जास्त. ज्या आधुनिक इंजिनात प्लगपर्यंत पोचायला अर्धी गाडी खोलावी लागते, तिथे तो जरूर टाका. एमजीबीत कार्ब्युरेटर एका बाजूला आणि चारही प्लग दुसऱ्या बाजूला ओळीने उभे. दहा मिनिटांचं काम. रविवारी फिरणाऱ्या गाडीला लाखभर किलोमीटर टिकणारा प्लग कशाला हवा? त्यातून काजळी धरली तर ते नाजूक टोक तारेच्या ब्रशने घासताही येत नाही.

आणि खरा तोटा वेगळाच आहे. "लावा आणि विसरा" म्हटलं की प्लग बाहेर काढून बघणंच बंद होतं. एमजीबीत पुढचा कार्ब्युरेटर एक-दोन नंबरच्या सिलिंडरला पेट्रोल देतो आणि मागचा तीन-चारला. एक-दोन काळे, तीन-चार ठीक? पुढच्या कार्ब्युरेटरकडे बघा. एकच प्लग तेलकट? त्या सिलिंडरच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड. पांढराफटक, फोड आलेला? मिश्रण पातळ आहे किंवा टायमिंग पुढे गेलंय, गाडी आजच थांबवा. फक्त जुन्या पुस्तकांतला बिस्किटी रंग शोधत बसू नका. तो शिशाच्या पेट्रोलच्या काळातला, हल्लीच्या पेट्रोलवर रंग फिकाच दिसतो. आणि दहा मिनिटं सिग्नलला घुरघुरून मग प्लग काढलात तर चारही काळेच दिसणार.

गॅप करताना फक्त बाहेरचा, वाकवलेला इलेक्ट्रोड हलवायचा. ते नाण्यासारखं गेज मधल्या टोकाला टेकवून तरफेसारखं वापरलंत तर आतलं चिनी मातीचं इन्सुलेटर तडकतं. झिजून खड्डा पडलेल्या प्लगला चपटं फीलर गेज खोटं माप दाखवतं, तिथे तारेचं गेज घ्या. नवा प्लग बोटांनी शेवटपर्यंत फिरवायचा, मग पान्याने फक्त अर्धा फेरा.