वास येत नाही म्हणे!

परवा एका बाईंनी मला ठासून सांगितलं, "आमच्या रेझिनला वास येत नाही, आणि मशीनही आम्ही वापरत नाही. कानस आणि पॉलिश पेपर, बस्स. मग भीती कसली?" बाई घरच्या बलकांवात लहान मुलांना किचेन नि पेपरवेट ओतायला शिकवतात. मी हसून विषय बदलला. तेव्हाच बोलायला हवं होतं.

वास न येणं हा एपॉक्सीचा गुण नव्हे, लबाडी आहे. फायबरच्या होड्या बांधतात तिथून कधी गेला असाल तर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनचा उग्र दर्प आठवत असेल. डोकं धरतं, माणूस आपसूक बाहेर पळतो. एपॉक्सी असा इशारा देत नाही. ते आणि त्याचं हार्डनर पुन्हा पुन्हा हाताला लागत राहतं आणि एके दिवशी कातडी बंड करते. खाज, पुरळ, सुजलेल्या पापण्या. ही ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्माची. मग थेंबभरही पुरतो.

आता माझंच सांगतो. आईच्या पोरसातली अबोली वाळवून मी एक पेपरवेट ओतला होता. दुसऱ्या दिवशी कडक लागला, म्हणून कोरडाच घासत बसलो. कोपरापर्यंत पांढरी धूळ. चिकट बोटं थिनरने पुसली. थिनर कातडीचं तेल काढून रेझिनला आत वाट करून देतो हे कुठे ठाऊक होतं! दोन्ही मनगटं लाल झाली. अबोली अजून टेबलावर आहे, पण दुसरी ओतणं माझ्या नशिबात नाही.

बाटलीवर 'नॉन-टॉक्सिक' छापलेलं असतं ना? ते फार तर पूर्ण घट्ट झालेल्या वस्तूला लागू. हाताला कडक लागणं म्हणजे मुरणं नव्हे, त्याला साधारण आठवडा लागतो. लवकर व्हावं म्हणून हार्डनर जास्त ओतणारे महाभाग तर धन्यच. एपॉक्सीत ते प्रमाणाबाहेरचं हार्डनर तसंच आत राहतं, तुकडा मऊ राहतो, आणि ते घासताना तेच अंगावर येतं. आपल्या पावसाळ्यात वरती चिकट थरही धरतो. तो आधी साबणाच्या पाण्याने धुवायचा, नाहीतर कागद लगेच भरतो.

हाताच्या हत्यारांवर माझा राग नाही, उलट प्रेमच आहे. बारीक दात्यांची करवत सावकाश चालवली तर रेझिन तापून दात्यांत चिकटत नाही. कानशीने जाडसर कीस पडतो, मशीनसारखा धुरळा उडत नाही. पण पॉलिश पेपर कोरडा चालवलात की सगळं मुसळ केरात! तिथे वॉटर पेपरच हवा, पाण्यात बुडवून, 220 पासून 400, 800 असा चढत. गढूळ पाणी मोरीत ओतू नये, गाळ बसू द्यावा, पुसून कचऱ्यात टाकावा. धुळीला एन-95 मास्क चालतो, वाफेला तो काही कामाचा नाही. कापडी मास्क तर कशालाच नाही.

तेव्हा बाई, ओतायचं काम तुमचं. नायट्राइलचे हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, आणि पोरांना त्या वेळी बाहेर खेळायला पाठवा. आठवड्याने त्यांच्यापुढे मुरलेला तुकडा, वॉटर पेपर आणि पाण्याची परात ठेवा. हवं तेवढं घासू दे.