वाटेतले पंक्चर आणि अडलेले गिऱ्हाईक

शाळा सुटल्यावर पाटणहून कराडकडे निघालेल्या शिक्षकाच्या मोटारसायकलचे मागचे चाक तिन्हीसांजेला भर रस्त्यात बसते, तेव्हा त्याच्यापुढे उभा राहणारा प्रश्न केवळ यांत्रिक नसतो. अंधार पडत आलेला, घर अजून लांब, आणि शंभर किलोंहून जड गाडी ढकलत न्यावयाची. किलोमीटरभर घाम गाळल्यावर पंक्चरचे जे पहिले दुकान दिसते तेथे तो गिऱ्हाईक म्हणून पोचत नाही, शरणागत म्हणून पोचतो. बाजारात गिऱ्हाइकाची सारी ताकद 'पुढच्या दुकानात पाहतो' एवढ्या वाक्यात सामावलेली असते. चाकातल्या हवेबरोबर नेमके तेच वाक्य निघून गेलेले असते.

हे नेहमीच असे नव्हते. १९७२ साली बाजारात आलेल्या बजाज चेतकला आणि तिच्या आगेमागे रस्त्यावर असलेल्या इतर स्कूटरींना पाचवे नसले तरी तिसरे चाक असे. पुढचे व मागचे चाक एकाच मापाचे असल्यामुळे एक स्टेपनी दोन्हीकडे चाले, आणि कारकून मनुष्यसुद्धा नट सोडवून पाव तासात पुढे निघे. (स्टेपनी हा शब्द वेल्समधील लानेथ्ली गावच्या एका रस्त्याच्या नावावरून आला, तेथे विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोटारींसाठी जादा चाके तयार होत असत.) पुढे १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि कमी पेट्रोलमध्ये लांब पळणाऱ्या मोटारसायकलींनी मध्यमवर्ग जिंकला. मोटारसायकलची दोन चाके बहुधा भिन्न मापांची. मागचे तर साखळीत गुंतलेले. तेथे स्टेपनीला जागा नाही. पेट्रोलची बचत गिऱ्हाइकाने हिशेबात धरली. वाटेत अडकून पडण्याचा धोका आपण त्याच खरेदीत पत्करला आहे, हे मात्र कोणत्याही जाहिरातीने त्याला सांगितले नाही.

अडचण केवळ पर्यायाच्या अभावाची असती तरी एकवेळ चालले असते. तिला अज्ञानाची जोड मिळते. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारासंबंधी एक निबंध लिहिला आणि २००१ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. विकणाऱ्यास मालाची माहिती अधिक व घेणाऱ्यास कमी असली की बाजारात संशय शिरतो आणि त्या संशयाची किंमत चांगल्या विक्रेत्यालाही मोजावी लागते, हे त्याने दाखविले. महामार्गावरील पंक्चरवाल्याला हे तंतोतंत लागू पडते. ट्यूबला छिद्रे किती होती आणि दुकानात किती झाली, हे त्यालाच ठाऊक. दुकानांच्या अलीकडे खिळे टाकले जातात, अशा तक्रारी अनेक शहरांतून झाल्या आहेत. बंगळुरूच्या बाह्य वळणरस्त्यावर तर २०१० नंतरच्या दशकात एका नोकरदार नागरिकाने रोज चुंबकाने खिळे वेचून त्यांचा ढीग जमविला होता. तथापि त्यावरून उन्हातान्हात टामी घेऊन टायर उलटणाऱ्या साऱ्या वर्गाला लुटारू ठरविणे अन्यायाचे होईल. गल्लीतला पंक्चरवाला क्वचितच फसवतो, कारण तेच गिऱ्हाईक उद्या पुन्हा दारात येणार असते. महामार्गावरचा वाटसरू पुन्हा येत नाही. फरक माणसांच्या नीतीत नाही, व्यवहाराच्या रचनेत आहे.

अज्ञानाचा हा भाग गिऱ्हाइकाला स्वतःच पुष्कळ कमी करता येण्याजोगा आहे. मागचे चाक डगमगू लागताच मागचा ब्रेक दाबणे ही बहुतेकांची पहिली चूक. गती आपोआप उतरू द्यावी, हँडल सरळ धरावे, आणि ब्रेक लावावाच लागला तर हवा असलेल्या चाकाचा, तोही हलक्या हाताने लावावा. दुसरी चूक खर्चाची. ट्यूब असलेली गाडी 'जवळच तर आहे' म्हणून बसल्या चाकावर रेटली, की रिमखाली ट्यूब चिरडते, व्हॉल्व्हचा देठ फाटतो, आणि एका ठिगळाचे काम नव्या ट्यूबवर जाते. ढकलण्याचे श्रम येथे रोख पैसे वाचवितात. ट्यूबलेस टायरचे गणित उलटे आहे. त्यात रुतलेला खिळा हाच तात्पुरते बूच असतो. तो न उपटता, हवा भरून घेत, सावकाश दुकान गाठता येते. दुकानात मात्र गाडी सोडून चहाला जाऊ नये. ट्यूब घमेल्यातील पाण्यात बुडवली की बुडबुडे किती ठिकाणी येतात ते मोजावे, आणि टायरच्या आतून हात फिरवून खिळा निघाल्याची खात्री करावयास सांगावे. तो तसाच राहिला तर पुढच्या गावी पुन्हा तेच दुर्दैव.

ट्यूबलेसमुळे सारा प्रश्न मिटेल असे सांगितले जाते. तो निम्मा मिटेल. तारेच्या आऱ्यांच्या चाकांत आऱ्यांच्या भोकांतून हवा निसटते, म्हणून तेथे बहुधा ट्यूबच लागते. आणि स्वस्त व जुन्या गाड्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या माणसाच्या गाड्या, बऱ्याच अंशी याच चाकांवर धावतात.

उरलेला निम्मा प्रश्न सार्वजनिक व्यवस्थेचा आहे. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळाली पाहिजे, अशी अट तेल कंपन्यांनी पंपचालकांवर घातलेली आहे. तिच्याच शेजारी महामार्गावरील पंपांना आणखी एक अट घालावी : पंपाच्या आवारात पंक्चरवाल्याला माफक भाड्याने जागा, रात्री दिवा, आणि ठिगळाचा, ट्यूबलेसच्या दोरीचा व नव्या ट्यूबचा दर लिहिलेला फलक. त्यात पंक्चरवाल्याचाही लाभ आहे. टपरी हटविली जाण्याची टांगती तलवार जाईल आणि प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा फलकावर मांडता येईल. यात नफा नाही, असे पंपचालक म्हणतील. नफा फुकट हवेतही नाही, तरी ती यंत्रे अटीपोटी उभी आहेत. त्यांतील बंद पडलेली आधी सुरू करावयास लावावीत आणि लगोलग दरफलकाचे काम हाती घ्यावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, तेल कंपन्यांचे एक परिपत्रक पुरते.