टोकन देण्याआधी नगररचना विभागात जा
घर घेऊ पाहणाऱ्या कल्याण, डोंबिवली, ठाणे, वसई-विरारच्या नागरिकांना जाहीर आवाहन



दसरा-पाडवा जवळ आला की स्टेशनबाहेर पत्रकं वाटणारी पोरं उभी राहतात. 'आजच बुकिंग, मुद्रांक शुल्क माफ, मॉड्युलर किचन फुकट.' सॅम्पल फ्लॅट बघून घरची मंडळी हरखतात आणि त्याच संध्याकाळी टोकनचा चेक फाटतो. मुहूर्त साधायला आमची हरकत नाही. पण कागद तपासून झालेले नसतील तर तो मुहूर्त बिल्डरचा, तुमचा नव्हे.

डोंबिवलीचं प्रकरण अजून ताजं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश दिला. महापालिकेच्या नावाने दाखवलेल्या बांधकाम परवानग्या बनावट होत्या आणि त्याच परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवलेली होती. फसलेल्या रहिवाशांपैकी अनेकांना बँकांनी गृहकर्जही दिलं होतं. म्हणजे 'रेरा नंबर आहे' आणि 'बँकेने मंजूर केलंय' या ज्या दोन वाक्यांवर आपण निर्धास्त होतो, ती दोन्ही तिथे खरी होती. इमारत मात्र बेकायदाच होती.

म्हणून आमची पहिली विनंती ही, की परवानगीची झेरॉक्स बिल्डरकडून घ्या, पण खात्री त्याच्या ऑफिसात करू नका. त्या पत्रावरचा जावक क्रमांक आणि तारीख टिपून घ्या आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारा, की हे पत्र तुमचंच का, आणि किती मजल्यांना परवानगी दिली आहे? दाद लागली नाही, तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तेवढ्यात फ्लॅट विकला गेला तर जाऊ द्या, दुसरा मिळेल.

त्याच खेपेत विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण आहे का, तेही बघा. नालासोपाऱ्यात 41 इमारती 2025 च्या सुरुवातीपर्यंत जमीनदोस्त झाल्या. ती जागा डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी राखीव होती. राहणाऱ्यांच्या हातात वीजबिलं होती, घरपट्टीच्या पावत्या होत्या, पण यातल्या कशानेही बांधकाम कायदेशीर ठरत नाही. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड मात्र स्वतः ऑनलाइन काढा आणि सर्च रिपोर्ट बिल्डरच्या नव्हे, तुमच्या वकिलाकडून करून घ्या. वकिलाची फी अंगावर येते खरी. टाइल्सवर त्याच्या कितीतरी पट उडवताना मात्र आपण कुरकुरत नाही!

पैशाचं बोलू. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. रेरा कायद्याचं कलम 13 तसं स्पष्ट सांगतं. 'आधी वीस टक्के द्या, ॲग्रीमेंट नंतर बघू' म्हणणाऱ्याला हे कलम दाखवा. थोडी रक्कम रोख मागितली तर उठून या. ज्या पैशाची पावती नाही, तो उद्या कुठल्याही न्यायाधिकरणापुढे परत मागता येणार नाही.

बजेटही ब्रोशरवरच्या आकड्यावर बांधू नका. कल्याण-ठाण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के आहे (एकट्या महिलेच्या नावावर घर घेतल्यास एक टक्का कमी), नोंदणी शुल्क वेगळं, आणि बांधकाम चालू असेल तर वर जीएसटी, तो परवडणाऱ्या घराला एक टक्का आणि इतरांना पाच. पन्नास लाखांच्या चालू बांधकामातल्या घराला किमतीवर सहा लाखांहून अधिक लागतात ते असे, आणि बँक सहसा या रकमेवर कर्ज देत नाही. ती उभी करायला मग दागिने गहाण पडतात. क्षेत्रफळ रेराच्या व्याख्येप्रमाणे कार्पेटच विचारा. त्यात बाल्कनी धरत नाहीत.

जुना फ्लॅट घेणार असाल तर भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), सोसायटीची थकबाकी आणि जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का, एवढं तरी पाहा. 'ओसी येईल हो' हे वाक्य काही इमारतींत वीस-वीस वर्षं ऐकू येतं.

आणि शेवटचं. परवानगी बनावट निघाली तर आपले पैसे वाचले म्हणून गप्प बसू नका. आयुक्तांना आणि महारेराला लेखी कळवा, पोच घ्या. त्या साइटवर बुकिंग करून बसलेल्या ओळखीच्या माणसाला त्याच दिवशी फोन करा.

आपले,
घरखरेदीदारांना मदत करणारे काही नागरिक