ज्वारीचा कागद रानात चालेल काय?



गेल्या उन्हाळ्यात आमची कपिला गाय गेली. कलिंगडे निघाल्यावर आप्पांनी जनावरे वेलावर सोडली होती. काही दिवसांनी कपिलाने रवंथ करणे सोडले, पोट फुगले. जनावरांचे डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. तिच्या पोटातून मल्चिंगच्या कागदाचे गोळे निघाले. वेल ओढताना तिने कागदही ओढला होता. यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही. कागद आमचाच होता.

म्हणायचे कागद, पण ते प्लास्टिकच. वरून चंदेरी, खालून काळे. जाडी २५ मायक्रॉन, म्हणजे चाळीस थर एकावर एक ठेवले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. तो वाफ्यावर अंथरला की ओल उडत नाही आणि तण येत नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यात पाण्याची किंमत काय, हे मी सांगायला नको. म्हणून ‘हा कागद वापरूच नका’ असे नुसते बोलणे मला पटत नाही. आप्पांना पाणी पुरवायचे असते, भाषण करायचे नसते.

पण पीक निघाल्यावर तो गोळा करताना कांद्याच्या पापुद्र्यासारखा फाटतो. मोठे तुकडे हाती येतात, बारके नांगराखाली जातात. कोणी बांधावर जाळतात, त्याचा धूर घशात बसतो. महाराष्ट्रात २०१८ साली पिशव्यांवर बंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तू बंद झाल्या. रानातला कागद मात्र त्यात येत नाही.

आता माझे मत. हा कागद मातीत कुजणारा असावा, आणि तो पिठापासून करता येतो.

हसू नका. कुरडईचा चीक सगळ्यांनी पाहिला आहे. पुस्तकात ज्याला पिष्ट म्हणतात तेच ते. सोलापुरात चादरी विणताना ताण्याच्या सुताला जी खळ देतात, तीही पिष्टाची असते. मी ज्वारी भिजवली, वाटली, फडक्यातून गाळली आणि तळाला बसलेला पांढरा चीक वाळवला. त्यातला एक मोठा चमचा चीक, चार चमचे पाणी, एक लहान चमचा ग्लिसरीन (औषधाच्या दुकानात मिळते) आणि एक लहान चमचा व्हिनेगर असे एकत्र करून मंद आचेवर ढवळले. आई जवळ उभी होती. मिश्रण चकाकू लागले तेव्हा तेल लावलेल्या ताटात पातळ पसरले. सावलीत दोन दिवसांनी ताटातून एक पापुद्रा निघाला. तो वाकतो, गुंडाळतो, थोडासा आरपारही दिसतो.

ग्लिसरीन न घालता केलेला मात्र पापडासारखा तडकला. गुरुजींनी कारण सांगितले. पिष्ट म्हणजे लांबलांब साखळ्या असतात. शिजवल्यावर त्या सुटतात आणि वाळताना एकमेकींत गुंततात. ग्लिसरीन मध्ये शिरून त्यांना सरकायला जागा देते, म्हणून पापुद्रा लवचिक होतो.

मी तो आप्पांना दाखवला. त्यांनी बोटाने चाचपला आणि म्हणाले, “पोरी, पाऊस पडला की ह्येची लापशी व्हईल.” रात्री वाटीतल्या पाण्यात टाकून ठेवला. सकाळी आप्पांचे बोलणे खरे ठरले होते. मला रडू आले, पण आप्पा हसले नाहीत.

मग गुरुजींनी सांगितले की नुसत्या पिष्टावर कोणीच थांबत नाही. इटलीतली नोव्हामाँट कंपनी मक्याच्या पिष्टात कुजणारे दुसरे पदार्थ मिसळते. त्याचा मल्चिंगचा कागद पाण्यात विरघळत नाही, आणि पीक निघाल्यावर तो गोळा न करता नांगरून टाकतात. युरोपात २०१८ साली अशा कागदासाठी नियम ठरला, की मातीत दोन वर्षांच्या आत तो नव्वद टक्के तरी कुजला पाहिजे. मला हा नियम आवडला. कारण ‘कुजणारे’ असा शिक्का कोणीही मारील. किती दिवसांत आणि कुठे, हे विचारले पाहिजे.

‘कुठे’ यासाठी एक उदाहरण देते. आपण खंडोबाला जातो त्या जेजुरीत प्राज इंडस्ट्रीजने २०२४ साली अशा प्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. तिथे साखरेपासून दह्यातले आम्ल करतात आणि त्याच्या साखळ्या जोडून पीएलए नावाचे प्लास्टिक बनवतात. ऊस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला ही चांगली बातमी आहे. पण पीएलए नीट कुजायला साठ अंशांच्या आसपास तापलेला खताचा ढीग लागतो. बांधावर किंवा चंद्रभागेच्या वाळवंटात टाकले तर ते लवकर कुजत नाही. गाईच्या पोटात तर नाहीच नाही.

आज्जीला हे सगळे मान्य नाही. ती म्हणाली, “खायची ज्वारी मातीत अंथरायची? बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सुकडी खाऊन जगलो.” तेव्हा मी गणिताच्या वहीत हिशेब मांडला. एक रोल ४०० मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद, म्हणजे ४८० चौरस मीटर. २५ मायक्रॉन जाडीने त्याचे वजन ११ किलोच्या आसपास येते. एकराला सहा रोल धरले तर ६६ किलो. तेवढे पिष्ट ज्वारीतून काढायचे तर दाण्यात पिष्ट सुमारे ७० टक्के, म्हणून ९४ किलो ज्वारी, जवळजवळ एक क्विंटलचे पोते. आमच्या घरी किलोला दहा भाकरी होतात आणि रोज वीस लागतात. म्हणजे एका एकराचा कागद आमच्या दीड महिन्याच्या भाकरी खाणार! आज्जीचे बरोबर आहे, हे मी वहीतच लिहून ठेवले.

म्हणून माझे मत मी थोडे बदलले. मालदांडीचे चांगले दाणे यासाठी घेऊ नयेत. अवकाळी पावसात ज्वारी काळी पडते तेव्हा तिला भाव मिळत नाही, ती घ्यावी. आंब्याच्या कोयीतल्या गरातही पिष्ट असते, आणि उन्हाळ्यात कोयी उकिरड्यावर पडलेल्या असतात. ज्यांच्याकडे उसाचे पाचट आहे त्यांनी ते अंथरावे, त्याला कारखाना लागत नाही. आप्पांनी यंदा अर्धा एकर पाचटावर करायचे कबूल केले आहे. अर्धाच, कारण बाकीच्याला पाचट पुरत नाही.

कुजणारा कागद साध्यापेक्षा बराच महाग असतो. प्लास्टिकच्या आच्छादनाला सरकार अनुदान देते. माझ्या मते कुजणाऱ्याला त्याहून जास्त द्यावे. आलेल्या पालकांपैकी कोणी ग्रामसभेला जाणार असतील तर त्यांनी हे तिथे बोलावे. आम्हा मुलांना तिथे कोणी बोलू देत नाही.

शाळेच्या मागे लिंबाखाली मी दोन तुकडे पुरले होते, एक ज्वारीचा आणि एक आप्पांच्या मल्चिंगचा. वीस दिवसांनी उकरले तर ज्वारीचा सापडलाच नाही, नुसती ओली माती. मल्चिंगचा धुतल्यावर नव्यासारखा चमकला. तो मी पुन्हा तिथेच पुरून वर तुरकाटी रोवली आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी उकरून पाहावा आणि माती परत लोटावी. जवळ जनावर बांधू नये.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी